सोडल्यानंतरची दारू

दारू सोडलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'किती वर्षं झाली?' आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, 'आता आठवण येत नाही ना?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. २००९ च्या पोळ्यापासून मी प्यायलेलो नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी कित्येक वर्षं खोटं उत्तर देत आलो. 'छे, आता वाससुद्धा नको वाटतो' असं म्हटलं की विचारणाऱ्याला बरं वाटतं, बायकोला धीर येतो आणि विषय मिटतो. खरं सांगायचं तर आठवण येते. आधी रोज यायची, मग आठवड्याने, आता कधी महिना-महिना फिरकत नाही आणि एखाद्या संध्याकाळी, काही कारण नसताना, जुन्या पाहुण्यासारखी उंबऱ्यात येऊन उभी राहते.

हे छोटं पुस्तक त्या संध्याकाळींबद्दल आहे. नळदुर्ग, अणदूर, जळकोट, इटकळ या सोलापूर-हैदराबाद हायवेलगतच्या गावांतली आम्ही काही माणसं रविवारी एकत्र बसतो. त्या बैठकीत जे बोललं गेलं, त्यातलं ज्यांनी 'लिहा' म्हणून सांगितलं तेवढंच पुढच्या पानांत आहे. नाव कुणाचंच नाही, आणि ही अट सगळ्यांची होती. कशी लागली, काय काय गेलं, कशी सुटली, हे सांगणारं मी पुष्कळ वाचलं आहे. बहुतेक गोष्टी सुटली तिथे संपतात. आमच्या बैठकीतल्या सगळ्या गोष्टी सुटल्यानंतर सुरू होतात.

सोडण्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, पण एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. सकाळी उठल्यापासून ज्याला लागते, त्याने घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, नसलेली माणसं दिसायला लागतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते दिवस काढावेत. फोन करायचा तर १४४४६ ही सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलेलं. आमच्या बैठकीतले काही तिथून उपचार घेऊन आले, काही सोलापुरात राहिले. तरी मदतीपर्यंत पोचणारे फार थोडे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात पावणेतीन कोटींहून जास्त माणसं दारूच्या पुरत्या आहारी गेलेली आहेत आणि अशा ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. भरती होऊन उपचार मिळणारा तर १८० मध्ये एक. म्हणजे ज्याची सुटली आणि सुटलेली राहिली, तो आमच्या भागात अजून नवलाचाच माणूस आहे. म्हणून त्याने काय केलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आमच्याकडे न पिण्याची एक जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली रीत आहे, ती म्हणजे श्रावण पाळणं. आखाडात भरपेट होतं, अमावस्येला शेवटची, आणि मग महिनाभर बाटलीला हात नाही. मीही आठ-नऊ श्रावण पाळले. त्यातून मला एकच गोष्ट शिकायला मिळाली, आणि तीही चुकीची: 'मी ठरवलं तर सोडू शकतो.' श्रावणात माणसाची सुटलेली नसते, तो नुसता थांबून राहतो. दिवस मोजले जातात ते पुढचे, किती उरले ते. कायमची सोडलेल्याला समोर अशी तारीख नसते. बैठकीतला एक ट्रकवाला हे फार चांगलं सांगतो. तो म्हणतो, 'श्रावणात गाडी सिग्नलला उभी असती, इंजिन चालूच. आता मी गाडीच विकली.' पुढे तो असंही म्हणतो की विकलेल्या गाडीचा हॉर्न अजून कानात वाजतो.

दुसरी रीत माळेची. मराठवाड्यात कित्येक पिढ्या दारू सुटण्याचा हाच रस्ता होता आणि आजही आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण दोन्ही बंद. शिकलेली माणसं याला श्रद्धेचा भाग म्हणून बाजूला ठेवतात. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं, आणि ते शपथेत नाही. शपथा आम्ही सगळ्यांनी घेतल्या आहेत, तुळजाभवानीच्या पायरीवर डोकं ठेवून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, आणि मोडल्याही आहेत. माळकऱ्याला माळेबरोबर वेळापत्रक मिळतं. संध्याकाळी, जी वेळ सर्वांत वाईट, त्या वेळी हरिपाठ असतो. पंधरा दिवसांनी एकादशी येते, वर्षाला सप्ताह असतो, आषाढीला वारी. माणसाच्या रिकाम्या झालेल्या वेळेत दुसरी माणसं येऊन बसतात. आणि माळ सगळ्या गावाला दिसते. ढाब्यावर माळ घातलेला दिसला की गल्लासासाठी कुणी आग्रह करत नाही. अमेरिकेत अॅक्रन गावी १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी केली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि तिथे तुझ्यासारखाच कुणीतरी हजर. आमच्या बैठकीत माळकरी आहेत, नमाजी आहेत, देव न मानणारे दोघे आहेत. रविवार कुणी चुकवत नाही.

आता मूळ विषय, आठवण.

आठवण फार लबाड असते. ती कधी पहाटेची येत नाही. तोंडाला कोरड, खिशात हात घालून किती उरले ते चाचपणं, कालचं काय बोललो ते आठवेना म्हणून बायकोच्या चेहऱ्यावरून अंदाज घेणं, हे ती दाखवत नाही. ती दाखवते हुरड्याचं शेत. थंडी पडलेली, आगटीत कणसं भाजली जात आहेत, हुरडा चोळताना तळहात गरम झालेला, चटणी, गूळ, कुणीतरी पिशवीतून बाटली काढून गवतावर ठेवतो आणि सगळे हसतात. बस, एवढंच. पुढे त्याच शेतातून येताना मोटरसायकल चारीत गेली होती आणि भाचा मागे बसलेला होता, हा भाग आठवण कापून टाकते. मी खूप वर्षं हे खोटं चित्र पुसण्याचा प्रयत्न केला. पुसलं जात नाही, कारण ते खोटं नाहीच. हुरडा खरंच गोड होता, माणसं खरंच माझी होती. चित्र अर्धं आहे, इतकंच. मग एकाने बैठकीत सुचवलेलं मी करू लागलो. आठवण आली की तिला थांबवायचं नाही, पुढे न्यायचं. बाटली गवतावर ठेवली, बरं, मग काय झालं? मग किती वाजता निघालो? गाडी कुणी चालवली? चारीपर्यंत जायचं, भाच्याच्या कपाळावरच्या टाक्यांपर्यंत जायचं. तिथे पोचलं की आठवण आपणहून उठून जाते.

विचार दाबून काही होत नाही, हे आता शास्त्रही सांगतं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि केला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना आधी मनाई होती त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. आमच्या घराघरांत 'तो विषयच काढायचा नाही' हा नियम असतो. माया म्हणूनच केलेला नियम, पण त्याने अस्वल घरातच राहतं.

तलफ आली की काय करायचं याचं मला मिळालेलं सर्वांत चांगलं उत्तर आमच्या किल्ल्यात आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलेला आहे, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. त्या बांधाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. वरचं धरण भरून बोरी वाहू लागली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. त्या दिवसांत अरुंद जिन्याने खाली उतरायचं. आत अंधार, दगड गार, आवाज इतका की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. खिडकीपाशी आलं की समोर पाण्याचा पडदा. हात लांब केला तर तुषार लागतील इतक्या जवळून सगळी नदी कोसळत असते, आणि आपण कोरडे उभे असतो. सोडून दुसऱ्या वर्षी मी एका पेशंट मित्राबरोबर तिथे गेलो होतो. सकाळपासून त्याची तगमग चालली होती, हात खिशात आत-बाहेर होत होते. तो त्या खिडकीपाशी पाऊण तास उभा राहिला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, 'सर, पाणी थांबलं न्हाई. पर आत बी आलं न्हाई.'

त्या बांधकामात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बांधणाऱ्याने नदीला पूर्ण अडवलं नाही. जास्तीचं पाणी जायला दोन वाटा ठेवल्या, म्हणून तो बांध चारशे वर्षं उभा आहे. व्यसनावर आयुष्यभर काम केलेल्या अॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाट म्हटलं. ती चढते, टोकाला जाते, ओसरते. तिच्याशी झगडू नये, तिच्यापुढे झुकूही नये, ती सरेपर्यंत बघत राहावं. आमचा अनुभवही तोच आहे. अर्धा तास. फार तर पाऊण. पिणाऱ्या माणसाला हे कधीच कळत नाही, कारण त्याने ती लाट शेवटपर्यंत कधी पाहिलेलीच नसते, पहिल्या पाच मिनिटांत तो दुकानात पोचलेला असतो. ती अर्ध्या तासात सरते हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिलं की दुसऱ्या वेळी भीती निम्मी होते. आणि लाट येते कधी, याचाही अंदाज लागतो. पोट रिकामं असताना, रागात, एकटेपणात, थकून आल्यावर. बैठकीतली निम्मी माणसं संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर आधी भाकरी खातात. जेवण नऊला असलं तरी.

आता जड भाग. सगळ्या आठवणी हुरड्याच्या नसतात. काही लाजेच्या असतात, आणि माझ्या मते त्या जास्त धोक्याच्या. रात्री तीनला जाग येते आणि पंधरा वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी रडणं ऐकू येतं. लोहाऱ्याकडच्या एका माणसाने आमच्या बैठकीत सांगितलं की १९९३ च्या भूकंपात त्याचे आईवडील गेले, आणि त्यानंतर हातात आलेले सरकारी पैसे त्याने प्यायले. हे सांगायला त्याला सोडल्यापासून सहा वर्षं लागली. सांगितलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. त्याचं म्हणणं असं की त्या पैशाची आठवण आली की त्याला वाटायचं, असल्या माणसाने सुधारून तरी काय करायचं? म्हणजे लाजसुद्धा शेवटी गुत्त्याकडेच बोट दाखवायची. लाजेवर विचार करून उतारा मिळत नाही. जे फेडता येतं ते फेडावं, आणि ते कामाने, बोलून नाही. जे फेडता येत नाही ते एका तरी माणसाला पूर्ण सांगावं. त्या माणसाने गावाकडे आईवडिलांच्या नावाने दोन आंबे लावले, आणि उन्हाळ्यात तो मोटरसायकलवर पाण्याचे कॅन बांधून घेऊन जातो. पैसे परत आले नाहीत. रात्री तीनची जाग मात्र कमी झाली.

आठवण एकट्या पिणाऱ्याची नसते, हे मला फार उशिरा कळलं. माझी सुटून सात वर्षं झाली होती. एकदा शाळेच्या कामाने उशीर झाला, रात्री अकराला घरी आलो. बायको दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तो घेत असताना ती किंचित पुढे झुकली. वास घेत होती. तिलाही ते कळलं नसावं, अंगानेच ते केलं. मला राग आला, सात वर्षांनंतरही विश्वास नाही म्हणून दोन दिवस मी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की फाटकाची कडी किती वेळा वाजते, यावरून तिला पूर्वी कळायचं. एकदा वाजली तर बरा आहे. तीन-चारदा वाजली तर कडी सापडत नाही, म्हणजे मुलांना आतल्या खोलीत न्यायचं. आजही कडी वाजली की ती मोजते. माझं पिणं माझ्या डोक्यात राहिलं आणि तिच्या कानात. मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो, त्याचं महत्त्व मला त्या दिवशी समजलं. या पुस्तकात बायकांनी सांगितलेली सात टिपणं आहेत. घाईत असाल तर प्रस्तावना इथेच सोडा आणि ती आधी वाचा. त्यातल्या एकीने 'मालक सुधरले, मी अजून सुधरायची हाय' असं म्हटलं आहे, ते मी दुरुस्त न करता तसंच ठेवलं आहे.

परत पडणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. आम्ही त्याला 'स्लिप' म्हणतो. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर दारूत बुडाला हे सगळ्यांना आठवतं. त्याने मध्ये सोडली होती, हे फारसं कुणाला आठवत नाही. सोडून तो कामधंदा मागायला जुन्या ओळखीच्यांकडे गेला, तिथे त्याचा अपमान झाला, आणि मग तो पुन्हा प्याल्याकडे वळला तो शेवटपर्यंत. दारू सुटली, पण सुटलेल्या माणसाला बसायला जागाच कुणी दिली नाही. शंभर वर्षं झाली, पण हा प्रवेश मी आमच्या तालुक्यात बऱ्याचदा पाहिला आहे. पगारावर घ्यायला कुणी तयार नाही, लग्नात पंगतीला बोलावतात आणि हिशोबाला बसवत नाहीत. स्लिप झालेला रविवारी परत येतो, तेव्हा आम्ही काय करतो ते सांगतो: त्याला चहा देतो, आणि कुठल्या वाराला, किती वाजता, कुणाबरोबर आणि त्याआधी काय घडलं होतं, एवढं विचारतो. 'का' हा प्रश्न विचारत नाही. त्याचं उत्तर कुणालाच येत नाही, नुसती मान खाली जाते.

'कायमची' हा शब्द मी या पुस्तकाच्या नावात येऊ दिला नाही, यावर बैठकीत वाद झाला. कायमची सोडायची आहे हे सगळ्यांना मान्य आहे, मलाही. अधूनमधून, सणावाराला, बेताने, असलं काही आमच्यासारख्यांच्या बाबतीत चालत नाही, हे आम्ही प्रत्येकाने करून पाहिलं आहे. पण कायमचं हे एकदम उचलता येत नाही. इथे मला आमच्या खंडोबाची आठवण होते. मूर्ती एक आणि देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला असतो, पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. इतक्या पिढ्यांची रीत, कोण मोडणार आहे? तरीसुद्धा दर वर्षी दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसतात आणि देव न्यायचा-आणायचा लेखी करार नव्याने करतात. गेल्या वर्षी केला होता म्हणून या वर्षी चालतं, असं कुणी म्हणत नाही. लहानपणापासून मी हे पाहत आलो, पण त्याचा अर्थ मला दारू सोडल्यावर लागला. मी रोज सकाळी तोंड धुतल्यावर आजच्यापुरतं ठरवतो. सोळाव्या वर्षीही ठरवत होतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पुस्तकातल्या टिपणांची भाषा आम्ही शक्यतो बोलली तशीच राखली आहे. कुठे शब्द उघडे आहेत, कुठे तीच गोष्ट दोनदा आली आहे. स्वप्नांवरचं टिपण अनेकांना आपलं वाटेल. सोडल्यावर वर्षानुवर्षं स्वप्नात पिणं होतं, आणि जागं झाल्यावर माणूस घामाघूम होऊन स्वतःच्या तळहाताचा वास घेतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी उजाडेपर्यंत अंगणात बसून होतो, खरंच प्यायलो अशी खात्री धरून. हे सगळ्यांना होतं, एवढं त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर मी झोपलो असतो.

छपाईला द्यायच्या आदल्या आठवड्यात एक फोन आला. रात्रीचे साडेदहा. आमच्यातलाच एक, सोडून चार वर्षं झालेला. मागे गाड्यांचा आवाज, कुठल्यातरी ढाब्यावरची गाणी. 'सर, सोयाबीनचा भाव काय निघाला आज?' म्हणाला. मी सांगितलं. मग पावसाचं विचारलं, मुलीच्या बारावीच्या अर्जाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. तू कुठे आहेस, असं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. थोड्या वेळाने गाणी लांब गेली, मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. फोन खिशात तसाच चालू होता. वारा ऐकू येत राहिला, मग कुत्र्याचं भुंकणं, मग फाटकाची कडी, एकदाच. 'पोचलो,' तो म्हणाला. 'ठेवतो.'